बहूबाजारातील रात्रीची प्रयोगशाळा

रविवारच्या मिस्सेला अजून दहा मिनिटे अवकाश असतो. गायकवृंदाच्या बाकाशेजारी तबलजी हातोडी घेऊन बसलेला असतो. गजऱ्यावर हलका ठोका, मग चाटेवर एक बोट, पुन्हा ठोका. हार्मोनियमच्या षड्जाशी तबल्याचा सूर मिळाला की तो मान डोलावतो आणि हातोडी पिशवीत टाकतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर तबला आपल्या मंदिरांत आला आणि हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले की त्यात काही नवल आहे असे आपल्याला वाटेनासे झाले. वास्तविक नवल आहे, आणि ते थोर आहे. चामडे ताणून बसविलेल्या वाद्याला सूर असावाच कसा?

हा प्रश्न आम्ही उगाच उकरून काढलेला नाही. पाश्चात्य ध्वनिशास्त्राच्या ग्रंथांत ढोल-नगारे हे नादापेक्षा गोंगाटाच्या जवळचे मानले जात, आणि त्याला गणिताचा आधार होता. ताणलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात. ते परस्परांशी जुळतात, म्हणून कानाला एकच गोड स्वर ऐकू येतो. गोल पडद्याचे तसे नसते. सारख्या जाडीच्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे पडतात. त्यांची एकमेकांशी सोयरीक जमत नाही. म्हणून ढोल घुमतो, पण गात नाही. तबला व मृदंग मात्र गातात.

या कोड्याचा उलगडा जिथे झाला ती जागा कलकत्त्यातील बहूबाजार रस्त्यावर होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली तिथे विज्ञानसंवर्धनासाठी एक संस्था स्थापिली. भारतीयांनी भारतीयांच्या देणग्यांवर चालविलेली विज्ञानसंस्था ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. सरकारांच्या पाठीशी आरंभापासून जे उभे राहिले त्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होते, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फादर युजीन लाफाँ हे मूळचे बेल्जियमचे. १८६५ साली ते कलकत्त्यास आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी प्रयोगशाळा उभारली. जगदीशचंद्र बोस हे त्यांचेच विद्यार्थी. महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून फादर वर्षानुवर्षे सरकारांच्या संस्थेत व्याख्याने देत राहिले. फळ्यावर सूत्रे लिहून ते थांबत नसत. उपकरण समोर ठेवावे आणि सर्वांदेखत चालवून दाखवावे, ही त्यांची रीत होती.

एवढे असूनही संस्थेत संशोधन करणारे कोणी मिळेना. १९०४ साली डॉ. सरकार निवर्तले. व्याख्याने होत, श्रोते घरी जात आणि उपकरणांवर धूळ साचे. १९०७ साली एक कृश मद्रासी तरुण त्या दारात उभा राहिला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्याच वर्षी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम. ए. केले होते आणि अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर ते कलकत्त्यास रुजू झाले होते. त्यांना पगाराची ददात नव्हती. पदव्युत्तर संशोधनाची सोय मात्र कोठेच नव्हती, म्हणून ती त्यांनी स्वतःच निर्माण केली. पहाटे साडेपाचला संस्थेत यायचे, नंतर कचेरी गाठायची, कचेरी सुटली की रात्री उशिरापर्यंत पुन्हा संस्थेत. फादर लाफाँ त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०८ साली, दार्जिलिंग येथे वारले.

रामन यांनी आरंभी ध्वनीचाच विषय का घेतला असावा? त्यांचे वडील व्हायोलिन वाजवीत आणि पत्नी लोकसुंदरी वीणा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने स्वरसंवेदनांवर १८६३ साली लिहिलेल्या ग्रंथाने त्यांना झपाटले होते. आमच्या मते आणखी एक साधे कारण होते. ध्वनीचे प्रयोग कमी खर्चात होतात. एक तार, एक कमान, बारीक वाळू आणि शाबूत कान असला की कामाला लागता येते. १९०९ साली त्यांनी भिकाऱ्याच्या हातातील एकतारीवर निबंध लिहिला. पुढे त्यांनी व्हायोलिन वाजविणारे एक यंत्रच बनविले, कारण माणसाचा हात कमानीवर प्रत्येक वेळी सारखा दाब देत नाही. कमानीने घासलेल्या तारेच्या कंपनांविषयी १९१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रबंध आजही या विषयाच्या अभ्यासकांना वाचावा लागतो.

तंबोऱ्याची गंमत याहून मोठी. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू येतो तो उपस्वर उमटता कामा नये, असा नियम आहे. तंबोरा हा नियम मोडतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र असतो आणि जवारीचा दोरा तारेखाली सरकविलेला असतो. त्यामुळे तार घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्शते आणि नियमाने गप्प बसायला हवेत ते उपस्वरही बोलू लागतात. रामन यांनी हे १९२१ साली मांडले.

तबल्याचे कोडे त्यापूर्वी एक वर्ष सुटले होते. १९२० साली रामन व त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात छोटे टिपण लिहिले. सारी करामत शाईची आहे. लोहकीस व खळ यांचे ते काळे वर्तुळ थरावर थर चढवीत मधोमध जाड आणि कडेला पातळ केलेले असते. त्या वजनाने पडद्याची वेडीवाकडी कंपने ओढली जाऊन दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा ओळीत बसतात. पुढे रामन यांनी वाद्यावर बारीक वाळू पसरून, निरनिराळे आघात करून कंपनांच्या आकृत्या पाहिल्या. त्यांना आढळले की पडद्याची नऊ वेगवेगळी कंपने मिळून केवळ पाच स्वर उमटतात: पहिल्या दोन स्वरांना एकेक कंपन, पुढच्या दोहोंना दोन-दोन आणि पाचव्याला तीन. हे सविस्तर लेखन १९३४ साली प्रसिद्ध झाले. ज्या कारागिरांनी ही शाई प्रथम घोटली त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्या ज्ञानाला शास्त्राच्या भाषेत मान देण्याचे काम रामन यांनी केले.

१९१७ साली ते कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. परदेशी जाऊन शिकून यावे, ही त्या पदाची अट त्यांनी साफ नाकारली. १९२१ साली ते परदेशी गेले, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. लंडनच्या सेंट पॉल मंदिरातील कुजबुज-सज्जात त्यांनी प्रयोग केले आणि नंतर विजापूरच्या गोलघुमटाचाही विचार केला. परतीच्या बोटीवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांचे चित्त वेधले. तेथून ते प्रकाशाकडे वळले, १९३० साली नोबेल पारितोषिक आले आणि ध्वनीचे काम मागे पडले. आता ध्वनिशास्त्र व संगीत-तंत्रज्ञान या नावाची पदव्युत्तर पदवी स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात मिळते. आपल्या मुलाने असा विषय निवडला की घरातली वडीलधारी माणसे ‘पुढे करणार काय?’ असे विचारतात. अर्थखात्यातली नोकरी सोडणाऱ्या रामन यांनाही हे विचारणारे भेटले असतीलच.

बहूबाजारच्या त्या दाराशी रामन प्रथम आले तेव्हा त्यांचे स्वागत आशुतोष डे या साहाय्यकाने केले होते. पुढे पंचवीस वर्षे डे त्यांच्याबरोबर राहिले, उपकरणे मांडीत आणि आवरीत. त्यांनी विद्यापीठाची पायरी कधीच चढली नव्हती. १९१९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात कंपनसंख्या मोजण्याच्या नव्या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याला रामन यांची प्रस्तावना आहे. लेखक म्हणून नाव एकच आहे, आशुतोष डे.