वेताळाची चौकट : पैठणपासून ‘चांदोबा’पर्यंत

कर्जतजवळ उल्हासकाठी वसलेल्या दहिवलीपासून वेंगुर्ल्याकडच्या आरवलीपर्यंत कोकणातील वाचकाला वेताळ कोण हे सांगावे लागत नाही. भुतांचा अधिपती आणि गावशिवेचा राखणदार ही त्याची दोन्ही रूपे लोकांच्या मनात एकत्रच नांदतात, आणि आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरतो या श्रद्धेने त्याला आजही मोठाल्या वहाणा अर्पण केल्या जातात. मात्र या दैवताचे तिसरे रूप, म्हणजे कथेकऱ्याचे, वाङ्मयाच्या इतिहासात अधिक दूरवर पोचले.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन एका कपटी भिक्षूच्या सांगण्यावरून स्मशानातील शिंशपा वृक्षावर लटकलेले प्रेत आणायला जातो, तेव्हा त्या प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत एकेक गोष्ट सांगून शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार, अशी ही कोंडी आहे. अनेक स्वतंत्र कथांना एका कथेत ओवणाऱ्या या रचनेला चौकटकथा म्हणतात. परंतु येथे चौकटच सर्वांत भयंकर आहे, हे तिचे खरे सामर्थ्य होय.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1830 मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, तरी घराघरांतील मुलांच्या डोळ्यांपुढे वेताळ उभा केला तो मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’ या सचित्र मासिकाने, ज्याची मराठी आवृत्ती 1952 मध्ये सुरू झाली. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेल्या त्या राजाचे, म्हणजे ‘चांदोबा’तील विक्रमाचे, शंकर (के. सी. शिवशंकरन) यांनी काढलेले चित्र पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे झाले.

त्याच सुमारास, 1950 पासून, अमेरिकेत ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी भयकथांची चित्रमासिके निघत होती, ज्यांत तळघराचा विक्राळ राखणदार कथांचा निवेदक असे, पण चित्रकथांसाठीच्या 1954 च्या आचारसंहितेने त्यांचा लवकरच शेवट केला. तो निवेदक मेलेल्यांची थट्टा करून वाचकाला हसवी, तर वेताळ ऐकणाऱ्याकडून न्याय मागतो. वेताळकथेची भीती आणि तिची प्रतिष्ठा, दोन्ही या मागण्यात आहेत.

मूळ कथाचक्रातील शेवटच्या कोड्यात बाप एका परक्या मुलीशी आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी लग्न करतो, त्या दोन्ही जोडप्यांच्या अपत्यांचे परस्पर नाते काय, हे राजाला सांगता येत नाही. तो गप्प राहतो, आणि म्हणूनच वेताळ प्रसन्न होऊन त्याला भिक्षूचा डाव सांगतो. ‘चांदोबा’ने मात्र जुन्या पंचवीस कथांवर न थांबता त्याच चौकटीत नव्या कथा रचून घातल्या, त्यामुळे महिन्यामागून महिना विक्रम उत्तर देत राहिला आणि वेताळ प्रेतासह झाडावर परतत राहिला.