शनिवार सकाळचे श्वान-गुप्तहेर आणि एक जुना प्रश्न

करमणुकीचा इतिहास सांगताना आपण बहुधा गाजलेल्या गोष्टींचाच सांगतो. पण काळाची कारणं समजून घ्यायची असतील तर कधीकधी फसलेली नक्कल जास्त बोलकी असते. आज अशाच एका नकलेबद्दल बोलू. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ऑगस्ट १९७६ मध्ये 'क्लू क्लब' नावाची कार्टून मालिका सुरू झाली. चार तरुण मुलं आणि वूफर व व्हिम्पर हे दोन कुत्रे मिळून गुन्ह्यांचा छडा लावतात, एवढीच कल्पना. सोळा भाग झाले आणि संपली. पुढे त्याच भागांना कात्री लावून, कुत्र्यांची नावं शीर्षकात आणून ती पुन्हा दाखवली गेली. नवीन भाग काही निघाले नाहीत.

आता ती आली कुठून? त्यासाठी दहा वर्षं मागे जावं लागतं. १९६६ मध्ये सीबीएसचे फ्रेड सिल्व्हरमन यांनी शनिवारची सकाळ महानायकांच्या मारामारीने भरून टाकली. मुलं टीव्हीला चिकटली. पण १९६८ मध्ये एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि पडद्यावरच्या हिंसेचा प्रश्न घराघरांत आला. त्याच वर्षी बॉस्टनजवळ काही पालकांनी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. पेगी चॅरन हे तिच्यातलं प्रमुख नाव.

वाहिन्यांपुढे पेच असा होता, की मारामारी नको, पण मुलं तर खिळून राहायला हवीत. उत्तर सापडलं ते भीतीत, म्हणजे विनोदाने मऊ केलेल्या भीतीत. हॅना-बार्बेरा स्टुडिओची 'स्कूबी-डू' सप्टेंबर १९६९ मध्ये सीबीएसवर आली. लेखक जो रूबी आणि केन स्पिअर्स, कुत्र्याचं चित्र इवाओ ताकामोतो यांचं. भूत दिसतं, सगळे पळतात, शेवटी मुखवटा निघतो आणि आत कुणीतरी लोभी माणूस असतो. बंदूक नाही, रक्त नाही.

हे चाललं म्हटल्यावर साचाच तयार झाला. १९७३ मध्ये एबीसीवर 'गूबर' नावाचा भुतं शोधणारा कुत्रा आला, त्याचेही सोळाच भाग. हा आकडा लक्षात ठेवा. थोडे भाग बनवायचे आणि वर्षभर तेच फिरवायचे, हा त्या व्यवसायाचा हिशेब होता. मुलं तीच गोष्ट पुन्हा आनंदाने बघतात, त्यामुळे तो जमायचाही. १९७५ मध्ये सिल्व्हरमन एबीसीकडे गेले, पुढच्या वर्षी स्कूबीही तिकडे गेला. सीबीएसकडे रिकामी जागा राहिली, आणि त्याच वर्षी तिथे 'क्लू क्लब' उभी राहिली. हा निव्वळ योगायोग म्हणणं मला तरी अवघड वाटतं.

या मालिकेत भर होता अशक्य घटनांवर. आगगाडी नाहीशी होते, विमानतळ गायब होतो, घर चालायला लागतं. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांविषयी जे मांडलं, त्याची ही बालआवृत्तीच म्हणा ना! चमत्काराची बातमी आली की आधी विचारा, सांगणारा फसला असेल किंवा फसवत असेल, ही शक्यता जास्त नाही का? गुप्तहेर मंडळी त्यात एक प्रश्न जोडतात, यात फायदा कुणाचा? लहान वयात ही सवय लागणं ही काही सामान्य गोष्ट नाही.

पण मग हाच प्रश्न मालिकेला विचारून बघू. पालकांच्या चळवळीची तक्रार फक्त हिंसेची नव्हती. मुलांना गिऱ्हाईक बनवणाऱ्या जाहिरातींवर तिचा तितकाच, किंबहुना जास्त रोख होता. साखर घातलेले न्याहारीचे पदार्थ, खेळणी वगैरे. १९७० मध्ये संघटनेने थेट दळणवळण आयोगाकडे अर्ज केला. १९७४ मध्ये आयोगाने धोरण जाहीर केलं, पण जाहिरातबंदी आणली नाही. मर्यादा पाळण्याचं काम मुख्यतः उद्योगाच्या स्वनियमनावर सोडलं.

म्हणजे बघा, ठोसे काढून टाकणं सोपं होतं, कारण त्यांच्या जागी कुत्रा आणता येत होता. जाहिरातीच्या जागी काय आणणार? त्यावर तर सगळा डोलारा उभा होता. पडद्यावर दर आठवड्याला मुखवटा निघत राहिला, आणि मध्यंतरात मुलांना माल विकणं चालूच राहिलं.

आपल्याकडे १९९५ नंतर कार्टून नेटवर्कवर हॅना-बार्बेराच्या जुन्या मालिका पोचल्या. तुमच्यापैकी अनेकांचं लहानपण त्यात गेलं असेल. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं, असंच मी म्हणेन. नाहीतरी आज मुलांच्या हातात फोन आहे आणि त्यातला कार्यक्रम कुठे संपतो, जाहिरात कुठे सुरू होते, हे मोठ्यांनाही कळत नाही. तेव्हा मुलांना काय दाखवायचं नाही याची यादी करून आपली जबाबदारी संपत नाही. जे दाखवलं जातं त्यात फायदा कुणाचा, हे मुलांबरोबर बसून विचारावं लागेल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.