जुनाट श्वासमार्गविकाराचे निदान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दीर्घकाळचा खोकला, कफ आणि धाप ही लक्षणे क्षय, दमा आणि ‘सीओपीडी’ या नावाने ओळखला जाणारा श्वासमार्गरोधाचा विकार या तिन्हींत आढळतात. सारख्या दिसणाऱ्या या रोगांना वेगळे करण्याच्या प्रयत्नांतून निदानशास्त्र घडत गेले. प्रस्तुत लेखात त्यातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेऊन, निदानाच्या चौकटीबाहेर कोण राहिले याचा विचार केला आहे.

श्रवणाकडून मापनाकडे :
१८१६ मध्ये पॅरिस येथे रेने लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. छातीतील ध्वनी आणि शवविच्छेदनातील निष्कर्ष यांची सांगड घालून त्यांनी १८१९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटरने दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या श्वासाचे मापन केले. त्यातून हवेचे आकारमान समजे, वेग नव्हे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याने क्षयाची ओळख निश्चित झाली. श्वासमार्गातील अडथळा मात्र अमापितच राहिला. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये टिफनो व पिनेली यांनी उच्छ्वासाच्या पहिल्या सेकंदातील हवा मोजण्याची पद्धत मांडली, तेव्हा ही उणीव भरून निघाली.

व्याख्या आणि तिच्या मर्यादा :
डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या विषारी धुक्यात हजारो लोक दगावले आणि जुनाट श्वसनविकारांकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. पुढे २००१ मध्ये ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असणे हा निकष सुचविला. तथापि, संशोधनाचा भर प्रामुख्याने धूम्रपानावर राहिला. वस्तुतः एस. पद्मावती आणि एस. एन. पाठक यांनी १९५९ मध्येच दिल्लीतील १२७ रुग्णांच्या अभ्यासात, फुप्फुसविकारामुळे हृदयावर ताण आलेल्या स्त्रियांच्या संदर्भात घरातील धुराकडे लक्ष वेधले होते. पुण्याच्या संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील या विकाराची मांडणी केली. म्हणजे चुलीच्या धुराचा प्रश्न जागतिक चर्चेच्या केंद्रस्थानी येण्यास अर्धशतक लोटले.

निष्कर्ष :
थुंकीतपासणी जंतू दाखविते, स्पायरोमेट्री अडथळा दाखविते. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. क्षय बरा झाल्यावरही श्वासमार्गरोध उरू शकतो, आणि या विकाराच्या रुग्णास जंतुसंसर्ग झाल्यास धाप एकाएकी बळावते. म्हणून ‘बिडी ओढता का?’ या प्रश्नाबरोबरच ‘स्वयंपाक कशावर करता?’ आणि ‘पूर्वी क्षय झाला होता का?’ हे प्रश्नही निदानाचा अविभाज्य भाग ठरणे आवश्यक आहे.