फेअरिंग : वाऱ्यासाठी की दिसण्यासाठी?

जुन्या स्पोर्ट बाइकला नवा चेहरा द्यायचा म्हणजे काय? फेअरिंग कापायचं, फायबरग्लासचं नवं नाक बसवायचं, रंग मारायचा. झालं! इतिहास मात्र जरा वेगळं सांगतो.

१९५०च्या दशकात इटलीतल्या मांडेल्लो देल लारिओ इथे मोटो गुझ्झीने स्वतःचा विंड टनेल बांधला. शर्यतीच्या गाड्यांना पुढच्या चाकासकट झाकणारं कवच आलं. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं 'डस्टबिन', म्हणजे चक्क कचऱ्याचा डबा! वेग वाढला खरा, पण आडवा वारा सुटला की त्याचा दाब गुरुत्वमध्याच्या पुढे पडायचा आणि गाडी भरकटायची. शेवटी १९५८पासून एफआयएमने शर्यतीत पुढचं चाक झाकायला बंदी घातली.

१९७६च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसला कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग मिळालं. हान्स मूथने ते पिनिनफरीनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घडवलं होतं. पुढे १९८५ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५० आणि १९९४ची डुकाटी ९१६ आली, आणि आधीच्या गाड्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या. मग नाक बदलायची हौस वाढली नाही तरच नवल.

हौस जरूर करा. फक्त करवत उचलण्याआधी एवढं बघा: रेडिएटरला हवा मिळते का? हँडल पूर्ण वळवल्यावर कुठे घासतं का? फेअरिंगचा भार हँडलवर नाही, फ्रेमवर आहे ना?

कारण वाऱ्याला मॉडेलचं साल कळत नाही.