आरेच्या म्हशी, माल्टाचा ताप आणि धरलेली कंबर

आरे कॉलनी म्हटलं की आपण झाडं, बिबटे आणि कारशेडवर भांडतो. आज म्हशींत राबणाऱ्या माणसांच्या सांध्यांबद्दल.

मुंबईतले तबेले बाहेर काढायचे म्हणून 1949 साली गोरेगावला आरे दूध वसाहत सुरू झाली. दारा खुरोडींचं काम. दूध पाश्चरीकरण होऊन बाटलीत आलं, पिणाऱ्याची काळजी मिटली. पण धार काढणारा, म्हैस गाभडली की वार ओढून काढणारा माणूस जनावरापाशीच राहिला. ब्रुसेलोसिस गाठतो तो त्यालाच. वार, मेलेलं वासरू, कच्चं दूध, सगळ्यांत जंतू असू शकतात.

हा रोग कळला माल्टा बेटावर. ब्रिटिश सैनिक महिनोन् महिने तापाने फणफणायचे. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूसने जंतू वेगळा काढला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला ठणठणीत, रक्तात मात्र रोगाच्या खुणा! सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं, ताप झपाट्याने ओसरला.

झॅमिटने वापरलेली चाचणी राइटची, 1897 ची. रक्तातला द्रव मेलेल्या जंतूंत मिसळायचा, गुठळ्या होतात का बघायचं. गंमत म्हणजे आजही पाया तोच. आधी रोझ बेंगाल, काही मिनिटांत उत्तर. मग नळीतली चाचणी. 1:160 किंवा वर आकडा आणि सोबत लक्षणं असतील तर संशय पक्का. खरा पुरावा म्हणजे रक्तात किंवा सांध्यातल्या पाण्यात जंतू वाढणं. तो सावकाश वाढतो, आणि लॅबवाल्यांनाही लागतो, म्हणून नमुना देताना संशय सांगायलाच हवा.

सांध्यांचं दुखणं फसवं. कंबर आणि माकडहाड यांच्या बाजूचा सांधा, मणका, नितंब, गुडघा. संध्याकाळी ताप, घाम, वजन उतरलेलं. आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच, आणि तो चुकीचाही नाही. घोळ असा की रिफाम्पिसिन दोन्ही रोगांत चालतं. टीबीच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, रोग तसाच राहू शकतो. ब्रुसेलाला सहसा डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध, निदान सहा आठवडे, मणक्यात असेल तर आणखी जास्त.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, दवाखान्यात कुणी कंबर धरून आला तर केसपेपरवर धंदा लिहा. आणि तबेल्यातल्या भावांनो, डॉक्टरांनी नाही विचारलं तरी म्हशीचं आधी सांगा.