चौसष्ट घरांचा पट

मनुष्याच्या आयुष्याचे टप्पे पाडण्याची रीत फार जुनी आहे आणि ती कोणा एका संस्कृतीची मिरास नाही. अथेन्सचा कवी आणि शास्ता सोलन याने आयुष्याची सात-सात वर्षांच्या दहा खंडांत वाटणी केली, शेक्सपिअरने एका पात्राच्या तोंडून माणसाच्या सात अवस्था वदवल्या आणि भारतातील धर्मसूत्रकारांनी चार आश्रमांची चर्चा केली. कोणत्या वयात माणूस कसा असतो किंवा कसा असावा, हे या वाटण्या सांगतात. परंतु एका वयात मनाला पडलेली गाठ पुढच्या वयात सुटते की अधिक घट्ट होते, याचा विचार त्यांत फारसा आढळत नाही. तो विचार पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने एरिक एरिकसन यांच्या ‘मनोसामाजिक विकास’ या उपपत्तीला दिले जाते. व्यक्तिमत्त्व हे केवळ आतील प्रेरणांचे फळ नसून त्या प्रेरणा आणि त्यांना सामोरा येणारा समाज यांच्या देवघेवीतून ते जन्मभर घडत राहते, असा या शब्दाचा अर्थ आहे. आज ही उपपत्ती शिक्षणशास्त्राच्या आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांना आठ ओळींच्या तक्त्याच्या रूपाने भेटते, आणि परीक्षेपुरती पाठ होऊन विस्मरणात जाते. तो तक्ता एका बैठकीत सुचलेला नाही. त्याच्या घडणीत व्हिएन्नाची एक लहानशी शाळा, दक्षिण डकोटातील एक आदिवासी वसाहत, क्लॅमथ नदीचा काठ, युद्धातून परतलेल्या सैनिकांचे रुग्णालय आणि एका पत्नीची स्पष्टोक्ती यांचा वाटा आहे.

एरिकसन यांचा जन्म १९०२ मध्ये फ्रँकफर्ट येथे झाला. आई डॅनिश ज्यू कुटुंबातील होती. जन्मदाता पिता कोण हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. कार्ल्सरूहे गावातील बालरोगतज्ज्ञ थिओडोर होमबुर्गर यांच्याशी आईचा विवाह झाला आणि मुलगा एरिक होमबुर्गर म्हणून वाढला. सोनेरी केसांच्या या मुलाला शाळेत ज्यू म्हणून, तर सिनेगॉगमध्ये परधर्मीय म्हणून हिणवले जाई. १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी ‘एरिकसन’, म्हणजे एरिकचा मुलगा, हे आडनाव धारण केले. स्वतःच स्वतःचा पिता होण्याचा हा प्रकार टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही. सिद्धान्ताचे मूळ सिद्धान्तकाराच्या चरित्रात शोधण्याची घाई एरवी टाळावी हेच बरे. येथे मात्र एरिकसन यांनीच तशी मुभा देऊन ठेवली आहे.

विद्यापीठाची कोणतीही पदवी नसलेला हा भटका चित्रकार १९२७ मध्ये मित्र पीटर ब्लोस याच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाच्या हिट्झिंग भागातील एका छोट्या शाळेत शिक्षक म्हणून आला. ही शाळा डोरोथी बर्लिंगहॅम आणि एवा रोझेनफेल्ड यांनी ॲना फ्रॉईड यांच्या साहाय्याने उभी केली होती. एरिकसन यांचे मनोविश्लेषण ॲना फ्रॉईड यांनीच केले. त्याच काळात त्यांनी माँटेसरी पद्धतीचेही शिक्षण घेतले. सिग्मंड फ्रॉईड यांनी बालकाच्या विकासाचे टप्पे शरीराच्या सुखस्थानांवरून, म्हणजे मुख, गुद आणि जननेंद्रिये यांवरून ठरवले होते, आणि व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांतच घातला जातो असे मानले होते. एरिकसन यांनी ती चौकट मोडली नाही. मात्र मूल दिवसभर काय करते, काय बांधते आणि कोणाशी भांडते, हे शिक्षकाच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना हिट्झिंगमध्ये लागली आणि ती पुढे सुटली नाही.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर एरिकसन दांपत्य अमेरिकेत गेले. तेथे मानववंशशास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांनी जे पाहिले, तो या इतिहासाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. १९३८ मध्ये स्कडर मेकील यांच्यासह ते दक्षिण डकोटातील पाइन रिज या राखीव वसाहतीत सू जमातीच्या मुलांचा अभ्यास करण्यास गेले. गव्यांच्या शिकारीवर जगणाऱ्या या जमातीत मुलाला मागेल तेव्हा आणि बरीच वर्षे अंगावर पाजले जाई, आणि जवळचे देऊन टाकणे हाच मोठेपणा मानला जाई. परंतु गवे नाहीसे झाले होते, आणि सरकारी शाळा त्याच मुलांना साठवण, स्पर्धा आणि घड्याळ शिकवू पाहत होत्या. मुले उघड बंड करीत नसत; ती निमूटपणे उदासीन होत. घरचे संगोपन ज्या जगासाठी तयार करते ते जगच उरले नाही, तर विकास अडतो तो मुलाच्या दोषामुळे नव्हे, ही जाणीव एरिकसन यांना तेथे झाली. पुढे आल्फ्रेड क्रोबर यांच्यासह ते कॅलिफोर्नियातील यूरोक जमातीकडे गेले. क्लॅमथ नदीच्या काठी सॅमन मासळीवर जगणाऱ्या या लोकांत मुलाला सहा महिन्यांच्या सुमारास अंगावरून तोडत, आणि संयम, स्वच्छता व मालमत्तेची राखण यांना मोल असे. सूच्या उदारपणाला वेडेपणा किंवा यूरोकच्या काटकसरीला विकृती म्हणणे एरिकसन यांनी नाकारले. दोन्ही समाज आपापल्या जगाला लागणारी माणसे बालपणापासून घडवीत होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोतील माउंट झायन रुग्णालयात आणखी एक गोष्ट पुढे आली. आघाडीवरून परतलेल्या काही सैनिकांना आपण कोण हे ठाऊक होते, परंतु आपले आयुष्य सलग आहे ही भावनाच हरवली होती. या स्थितीला एरिकसन यांनी स्व-ओळखीचा पेचप्रसंग म्हटले, आणि कुमारवयातील मुलांमध्ये हाच अनुभव सौम्य रूपात व सर्वसाधारणपणे येतो असे पुढे सुचवले. या संकल्पनेसाठी मराठीत ‘अस्मिता’ हा शब्द सहज सुचतो, पण त्याला आज समूहाच्या अभिमानाचा रंग चढला आहे, आणि योगसूत्रांत तर ‘अस्मिता’ हा पाच क्लेशांपैकी एक आहे. म्हणून ‘स्व-ओळख’ हा साधा शब्द अधिक बरा.

आठ टप्प्यांची मांडणी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात पूर्ण रूपात आली. प्रत्येक टप्प्यावर दोन विरुद्ध ओढींचा पेच असतो. तान्हेपणी विश्वास आणि अविश्वास, चालू-बोलू लागल्यावर स्वायत्तता आणि लज्जा, खेळकर वयात पुढाकार आणि अपराधभाव, शाळकरी वयात उद्यमशीलता आणि न्यूनत्व, कुमारवयात स्व-ओळख आणि भूमिकांचा गोंधळ, तारुण्यात जवळीक आणि एकटेपण, प्रौढपणी पुढच्या पिढीची जोपासना आणि साचलेपण, आणि वार्धक्यात जीवनाचा समग्र स्वीकार आणि निराशा अशा या जोड्या आहेत. पेच म्हणजे आपत्ती नव्हे, तर वळण. आणि चांगल्या ओढीने वाईट ओढीचा पुरता निःपात करावा असेही एरिकसन यांना अभिप्रेत नव्हते, कारण अविश्वासाचा लवलेशही नसलेले मूल जगात टिकणार नाही. गर्भातील प्रत्येक अवयवाला वाढीचा आपला काळ असतो, या गर्भविज्ञानातील तत्त्वावरून त्यांनी ‘एपिजेनेसिस’ ही संज्ञा घेतली आणि तिच्या आधारे मूळ तक्ता आठ आडव्या व आठ उभ्या ओळींचा, बुद्धिबळाच्या पटासारखा चौसष्ट घरांचा काढला. त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेषेतील आठच घरे भरली आहेत. उरलेली छप्पन्न रिकामी घरेच महत्त्वाची आहेत. विश्वासाचा प्रश्न चाळिशीतही नव्या रूपाने उभा राहतो आणि म्हातारपणाचा स्वीकार बालपणापासून रुजत असतो, एवढे ती सांगतात. पाठ्यपुस्तकांनी ही रिकामी घरे पुसली, तिरपी रेषा उभी केली आणि पटाची शिडी करून टाकली.

यातील सातव्या टप्प्याची कथा जोन एरिकसन यांनी पुढे लिहून ठेवली आहे. नृत्याच्या अभ्यासक असलेल्या जोन या केवळ पतीच्या लेखनाच्या संपादक नव्हत्या. मांडणीतही त्यांचा हात होता. १९५० च्या सुमारास व्हाइट हाउसच्या बालक व युवक परिषदेसाठी दोघे निबंध तयार करीत असताना तक्त्यात सातच अवस्था होत्या. एरिक यांना रेल्वे स्थानकावर पोहोचवताना मोटारीत शेक्सपिअरच्या सात अवस्थांचा विषय निघाला, त्याने खेळाचे वय गाळले असे जोन यांच्या लक्षात आले, आणि पाठोपाठ आपण तर स्वतःचेच वय गाळले आहे, हेही उमगले. तारुण्यातील जवळिकीनंतर तक्ता थेट वार्धक्यावर उडी घेत होता. मुले वाढवणारे, संसार ओढणारे, काम उभे करणारे मधले आयुष्य त्यात नव्हतेच. संसारी माणसाला स्वतःकडे पाहण्याची उसंत नसते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. पण मानसशास्त्रज्ञही त्याला अपवाद नसतात, ही गंमत आहे. या सुखी चित्राला एक काळी कडाही आहे. निरोगी व्यक्तिमत्त्वाचा हा तक्ता आकार घेत होता, त्याच दशकात जन्मलेले डाउन सिंड्रोम असलेले अपत्य या दांपत्याने संस्थेत ठेवले होते आणि ते जन्मताच दगावल्याचे इतर मुलांना सांगितले होते, असे चरित्रकार लॉरेन्स फ्रीडमन यांनी १९९९ मध्ये नोंदवले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांवर लादलेल्या साम्यवादविरोधी निष्ठेच्या शपथेला विरोध करून एरिकसन तेथून बाहेर पडले, आणि मॅसॅच्युसेट्समधील ऑस्टिन रिग्ज सेंटरमधील दशकानंतर १९६० मध्ये हार्वर्डमध्ये आले. भारताशी त्यांचा खरा संबंध जुळला तो १९६२ मध्ये. मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी त्यांना अहमदाबादला बोलावण्यात आले, आणि आठ टप्प्यांचा पट घेऊन आलेल्या साठ वर्षांच्या या अभ्यासकासमोर चार आश्रमांची योजना उभी राहिली.

ही योजना जेवढी सरळ दिसते तेवढी नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९४१ मधील दुसऱ्या खंडात दाखवल्याप्रमाणे धर्मशास्त्रात आश्रमांविषयी तीन पक्ष आहेत. समुच्चय पक्षानुसार चारही आश्रम क्रमाने घ्यावयाचे. विकल्प पक्षानुसार ब्रह्मचर्यानंतर कोणताही एक निवडावयाचा. आणि बाध पक्षानुसार गृहस्थाश्रम हाच खरा, बाकीचे गौण. जुन्या धर्मसूत्रांत आश्रम म्हणजे जगण्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत. त्यांचा एकामागून एक चढावयाच्या पायऱ्यांचा क्रम नंतर, मनुस्मृतीच्या काळापर्यंत रूढ झाला. म्हणजे येथेही पटाची शिडी झाली, फक्त दोन हजार वर्षे आधी. शिवाय ती शिडी द्विज पुरुषांपुरती होती, जसा एरिकसन यांचा ‘मानव’ही बऱ्याच अंशी अमेरिकी मध्यमवर्गीय पुरुष होता. हार्वर्डमध्ये त्यांच्यासह शिकवलेल्या कॅरोल गिलिगन यांनी स्त्रियांमध्ये स्व-ओळख आणि जवळीक यांची अशी पाठोपाठची विभागणी बसत नाही, असा आक्षेप १९८२ मध्ये घेतला.

दोन्ही योजना शेजारी ठेवल्या म्हणजे वजनातील फरक लगेच दिसतो. ब्रह्मचर्य सुरू होते ते उपनयनाने, आणि ब्राह्मण बटूसाठी ते गर्भापासून आठव्या वर्षी सांगितले आहे. एरिकसन यांचा चौथा टप्पा नेमका याच सुमारास येतो. म्हणजे त्यांच्या पटाचे पहिले तीन टप्पे आश्रमव्यवस्थेच्या बाहेरच राहतात. त्या वयाची दखल संस्कारांनी घेतली आहे, आणि मराठी घरांत बारसे, उष्टावण, जावळ या नावांनी ते विधी आजही होतात. पण त्यांत मुलाच्या मनापेक्षा त्याच्या आयुरारोग्याची चिंता अधिक आहे. उलट आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला एरिकसन एकच टप्पा देतात, तर भारतीय योजना वानप्रस्थ आणि संन्यास असे दोन देते. अहमदाबादेत एरिकसन यांना भेटलेले आणि पुढे मनोविश्लेषक झालेले सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या १९७८ च्या ग्रंथात या तुलनेला व्यवस्थित रूप दिले.

एरिकसन यांच्या मनात मात्र अहमदाबादने दुसराच विषय रुजवला. त्यांचे यजमान साराभाई कुटुंबातील होते, आणि १९१८ च्या गिरणी संपात मालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाई यांनी, तर कामगारांची बाजू त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन यांनी सांभाळली होती. प्लेगचा भत्ता बंद होत होता. मालक २० टक्के वाढ देऊ करीत होते, आणि गांधींनी कामगारांची मागणी ३५ टक्क्यांवर आणली होती. १५ मार्चला गांधींनी उपवास आरंभला आणि तीन दिवसांत लवादाची तडजोड झाली. गांधी तेव्हा ४८ वर्षांचे होते. ही फारशी न गाजलेली घटना मध्यवर्ती मानून एरिकसन यांनी १९६९ मध्ये ‘गांधीज ट्रूथ’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. गांधींच्या आयुष्यात सातवा टप्पा कसा उलगडतो, हा त्याचा गाभा आहे: एका माणसाची जोपासनेची ओढ घराची सीमा ओलांडून गिरणी कामगारांपर्यंत आणि मग देशापर्यंत जाते, आणि घरच्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागते. ग्रंथाच्या मध्यावर एरिकसन कथन थांबवून मृत गांधींना उद्देशून पत्र लिहितात आणि कस्तुरबांशी व आश्रमातील मुलांशी त्यांनी केलेल्या कठोर वर्तनाचा जाब विचारतात. इतिहासकाराने असे करावे का, हा प्रश्न उरतोच. परंतु ग्रंथातील सर्वांत जिवंत पाने तीच आहेत.

वार्धक्याचा टप्पा एरिकसन यांनी मध्यमवयात लिहिला होता. तो जगण्याची वेळ आली तेव्हा त्याची मांडणी अपुरी वाटू लागली. मराठी समाजात साठीशांत होते आणि पुढे सहस्रचंद्रदर्शनही होते, म्हणजे साठ आणि ऐंशी ही वये परंपरेने वेगळी ओळखली आहेत. एरिकसन यांच्या पटात ती एकाच घरात होती. १९९४ मध्ये एरिक यांचे निधन झाल्यावर जोन यांनी ‘द लाइफ सायकल कम्प्लिटेड’ या १९८२ च्या पुस्तकाच्या १९९७ मधील विस्तारित आवृत्तीत ऐंशी-नव्वदीच्या वयासाठी नववा टप्पा जोडला. त्यासाठी त्यांनी नवी जोडी शोधली नाही. जुन्याच आठ जोड्या त्यांनी उलट क्रमाने लिहिल्या: अविश्वास आधी, विश्वास नंतर; लज्जा आधी, स्वायत्तता नंतर; कारण हातपाय ऐकेनासे झालेल्या माणसाला जिना उतरतानाही प्रथम आपल्या शरीराचाच भरवसा वाटत नाही, आणि तान्हेपणी सुटलेला पहिला पेच पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो.