पथ्य म्हणजे तोडणे नव्हे

कावीळ झाली की मराठी घरात पहिली कात्री लागते ती ताटाला. तेल बंद, तूप बंद, तिखट बंद, आणि पिवळी म्हणून हळदही बंद. मग उरतो बिनफोडणीचा मऊ भात, ताक, मुळा, चुरमुरे-फुटाणे आणि उसाचा रस. पोटाच्या उजव्या बाजूच्या कुठल्याही दुखण्याला, ‘लिव्हरला सूज’ या दोन शब्दांत सांगितलेल्या कुठल्याही निदानाला हेच पथ्य लावण्याची आपली रीत आहे. आज ही रीत अशा एका खाटेपाशी येऊन उभी राहिली आहे, जिच्यासाठी ती कधी घडलीच नव्हती. अंडाशयाचा कॅन्सर उलटलेल्या बाईची ती खाट. केमोच्या आधी केलेल्या रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसतात किंवा स्कॅनमध्ये यकृतावर गाठ दिसते, आणि घरातली माणसे मायेपोटी तिच्या ताटातले एकेक पदार्थ काढून घेऊ लागतात. या पथ्याचा इतिहास तपासला तर हे काढून घेणे शास्त्राच्या आधाराने आलेले नाही आणि परंपरेच्या मुळाशीही ते नाही, असे माझे म्हणणे आहे. पथ्याचा मूळ अर्थ ‘काय द्यावे’ हा होता. ‘काय तोडावे’ हा अर्थ नंतर त्याला चिकटला, आणि उलटलेल्या कॅन्सरमध्ये तो अर्थ घातक ठरतो.

सुरुवात परंपरेपासूनच करू, कारण या पथ्याचा सगळा अधिकार तिच्याच नावावर चालतो. चरकसंहितेत पथ्याची जी व्याख्या आहे तिच्यात दोन अटी आहेत: जे शरीराच्या मार्गांना अपाय करत नाही आणि जे मनाला आवडते, ते पथ्य. म्हणजे रुग्णाची आवड हा लाड समजला गेला नव्हता, तो पथ्याच्या व्याख्येतच होता. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोग आणि कामला, म्हणजे आपली कावीळ, यांच्यासाठी आहे. त्यात जुने तांदूळ, जव आणि गहू सांगितले आहेत. त्यांच्या सोबतीला मूग, तूर आणि मसूर यांचे कढण आहे, आणि मांसरसही आहे. तुपाचे तर अनेक पाठ आहेत. त्यातला एक आजच्या घरगुती पथ्याच्या नेमका उलटा आहे: हळद, त्रिफळा, कडुनिंब अशा द्रव्यांनी दुधासह सिद्ध केलेले म्हशीचे तूप तिथे कामलेवर उत्तम म्हणून सांगितले आहे. हे तूप आज कुणी घ्यावे असे मी सुचवत नाही. मुद्दा एवढाच की हळद आणि तूप ही ज्या रोगात ‘परंपरेने’ वर्ज्य मानली जातात, त्याच रोगात परंपरेचा सर्वांत मान्य ग्रंथ ती दोन्ही एकत्र देतो. कढणे आणि मांसरस सांगणाऱ्या त्या वैद्यांना प्रथिने हा शब्द ठाऊक नव्हता, पण खंगणारे शरीर त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

मग तोडण्याची रीत आली कुठून? तिचा एक धागा ग्रंथांपेक्षाही जुना आहे आणि तो रंगाचा आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातल्या एका सूक्तात रुग्णाचा पिवळेपणा पोपटासारख्या पक्ष्यांकडे धाडला जातो आणि त्याच्या अंगी लाल रंगाची कामना केली जाते. पिवळ्याने पिवळे वाढते हा समज याच जातीचा. हळद बंद होते ती या समजापोटी. कावीळ उतरवण्याचे गावोगावचे प्रकारही याच तर्कावर चालत आले. डोक्यावर ठेवलेली बारीक काटक्यांची माळ आपोआप लांबत खाली उतरते, तसा रोग उतरतो असे मानले गेले. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, म्हणजे कावीळ निघाली असे समजले गेले. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की पाणी पिवळे होते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावागावांत करून दाखवले. तरीही माळ टिकली, हात धुणे टिकले आणि त्यांच्यासोबत बिनतेलाचे पथ्यही टिकले. याचे कारण लोकांच्या अडाणीपणात शोधणे मला अन्यायाचे वाटते. कारण अनुभवात होते: लोक खरोखरच बरे होत होते.

ते का बरे होत होते, हे समजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात यमुनेचे पाणी दूषित होऊन दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,००० लोकांना उघड कावीळ झाली. पुढे १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा ती साथ हिपॅटायटिस ए ची नव्हती आणि बी चीही नव्हती हे स्पष्ट झाले. ज्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो, त्या विषाणूचे ते काम होते. पाण्यातून पसरणाऱ्या या दोन्ही काविळी, म्हणजे ए आणि ई, बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. गरोदर स्त्रियांना ई चा धोका फार मोठा असतो, तो अपवाद विसरता येणार नाही. पण बाकीच्यांचे यकृत स्वतःच सावरते. मग ज्याने माळ घातली त्याला माळेचा गुण आला असे वाटले आणि ज्याने तेल सोडले त्याला तेल सोडल्याचा. चार-सहा आठवडे कमी खाल्ल्याने धडधाकट माणसाचे फारसे बिघडत नाही, म्हणून या पथ्याची परीक्षा कधी झालीच नाही. पहिल्या आक्षेपाला, म्हणजे ‘इतक्या पिढ्या बऱ्या झाल्या त्या उगाच का?’ या प्रश्नाला, माझे उत्तर हे आहे. त्या उगाच बऱ्या झाल्या नाहीत. त्या आपल्या यकृताच्या बळावर बऱ्या झाल्या, आणि श्रेय पथ्याला मिळाले.

पाश्चात्त्य वैद्यकही याच वाटेने गेले होते. यकृताच्या रुग्णाला स्निग्ध पदार्थ वर्ज्य, हा तिथल्या रुग्णालयांचाही नियम होता. तो मोडला तो मोजमापाने. न्यूयॉर्कमध्ये आर्थर पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरोसिसच्या रुग्णांना भरपूर, सकस आहार आणि ब जीवनसत्त्वे दिली आणि १९४१ साली त्याचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. कोरियन युद्धाच्या काळात कावीळ झालेल्या अमेरिकी सैनिकांवर टॉमस चाल्मर्स यांनी केलेला अभ्यास १९५५ साली छापून आला. गट पाडून, तुलना करून केलेल्या त्या अभ्यासात भरपूर उष्मांक आणि भरपूर प्रथिने घेणारे सैनिक लवकर बरे झाले, आणि सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवण्याचा फायदा दिसला नाही. प्रथिनांची भीती मात्र आणखी पन्नास वर्षे टिकली. सिरोसिसमध्ये शुद्ध हरपते, त्या अवस्थेत प्रथिने तोडण्याचा सल्ला १९५० च्या दशकात रूढ झाला. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी २००४ साली नेहमीइतकी प्रथिने आणि कमी प्रथिने यांची तुलना केली, तेव्हा तोडण्याचा काही लाभ आढळला नाही, उलट शरीरातली प्रथिने अधिक झिजली. आज युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्या असे सांगतात, आणि झोपण्यापूर्वी काही खायला देण्याचाही आग्रह धरतात. ‘यकृताला विश्रांती द्यावी’ या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. यकृत उपाशीपोटी विसावत नाही. त्याच्यातला साखरेचा साठा संपला की रक्तातली साखर टिकवण्यासाठी ते स्नायूंमधली प्रथिने मोडून वापरू लागते. दुबळ्या यकृताचा साठा मुळातच तुटपुंजा असतो, म्हणून रिकाम्या पोटी काढलेली रात्र त्याला अधिक महाग पडते.

हे सगळे अंडाशयाच्या कॅन्सरला लागू करताना एक फरक स्पष्ट ठेवायला हवा. हा रोग बहुतेकदा पुढच्या टप्प्यात कळतो, आणि त्या टप्प्यातल्या बहुतेक स्त्रियांत पहिल्या उपचारानंतर तो कधी ना कधी परततो. तो परततो तेव्हा पोटाच्या पडद्यावर पसरतो, पोटात पाणी धरते, आतड्यांवर दाब येतो, दोन घासांत पोट भरल्यासारखे होते. यकृतावरचा ताण अनेक दिशांनी येतो: कधी गाठींमुळे, कधी पित्तमार्ग दाबला गेल्यामुळे, तर कधी औषधांमुळे. पॅक्लिटॅक्सेल हे औषध १९९२ पासून अमेरिकेत या कॅन्सरवर मान्य आहे आणि त्याचा निचरा यकृतच करते. यातली कुठलीही कावीळ चार आठवड्यांत आपोआप उतरणारी नाही. शरीर आधीच खंगत असते, आणि पुढची केमो सोसेल की नाही हे पुष्कळदा अंगातल्या बळावर ठरते. अशा वेळी तेल, डाळ, अंडी, मासे काढून पेजेवर ठेवणे म्हणजे जे बळ वाचवायचे तेच खर्ची घालणे होय. मिठाचेही तसेच. सिरोसिसमुळे पोटात पाणी झाले तर मीठ कमी केल्याचा उपयोग होतो. पोटाच्या पडद्यावरच्या कॅन्सरमुळे झालेल्या पाण्यावर त्याचा सहसा परिणाम होत नाही, पण अळणी जेवण घशाखाली उतरत नाही हे नक्की.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: खाल्लेले अन्न कॅन्सरलाच पोसते, म्हणून साखर आणि प्रथिने तोडावीत. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशीपणे वापरतात हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, ते खरेच आहे. पण ताट रिकामे केले तरी रक्तातली साखर संपत नाही, शरीर ती स्नायू मोडून बनवते. म्हणजे उपाशी राहते ती बाई, गाठ उपाशी राहत नाही. याच्या उलट टोकाला जाऊन एखाद्या आहाराने उलटलेला कॅन्सर बरा होतो असे सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवता येत नाही, कारण तसा पुरावा नाही. आहार बळ टिकवतो, उपचार सोसायला मदत करतो, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे.

तोडण्याला कधीच जागा नाही, असे मात्र मी म्हणत नाही. पित्तमार्ग अडला असेल तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. आतडे अडत असेल तर कोंड्याचे, चोथ्याचे पदार्थ टाळावे लागतात. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर उघड्यावरचा उसाचा रस जंतूंचे निमंत्रण ठरतो. ओलापॅरिब हे कॅन्सरचे औषध चालू असताना ग्रेपफ्रूट वर्ज्य असते, आणि त्याच्या जातकुळीतल्या पपनसाबद्दलही डॉक्टरांना विचारलेले बरे. ही सगळी तोड नेमकी आहे. तिला कारण आहे आणि कारण संपले की ती संपते. घरगुती पथ्याची तोड सरसकट असते आणि ती कधी सोडायची हे कुणीच सांगत नाही.

ताटातून अन्न काढून घेणारे हेच हात बाटलीतली ‘लिव्हरची’ औषधे मात्र निःशंकपणे पुढे करतात, हे या रीतीचे सर्वांत दुःखद वळण. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे आणि गोळ्या घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असे म्हटले. तो वाद मान्य केला तरी एवढे उरतेच की जिच्या यकृतावर आधीच केमोचा भार आहे, तिच्यावर ज्याची खात्री नाही असा पदार्थ लादू नये. हळदीचेही तेच. वरणातली चिमूटभर हळद निर्धोक आहे, पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. आपण स्वयंपाकघरातली हळद काढतो आणि दुकानातली देतो. चरकाच्या व्याख्येत हे बसत नाही, आजच्या वैद्यकातही बसत नाही.

म्हणून ज्या घरात असे आजारपण आहे त्या घराला माझे सांगणे आहे. पथ्य हा शब्द टाकू नका, त्याचा जुना अर्थ परत घ्या. तिला काय खावेसे वाटते हे आधी विचारा. मुगाचे कढण, मऊ भातावर चमचाभर तूप, उकडलेले अंडे, माशाचे कालवण, पिठले, दही, जे जाईल ते थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा द्या, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात जाऊ द्या. एखादा पदार्थ तोडायचा असेल तर तो का आणि कधीपर्यंत, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. ज्या तोडीला कारण सांगता येत नाही, ती तिच्या ताटावर लादू नका.